कॅमेऱ्याची हौस : कालची आणि आजची

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली आणि विषयही त्यांनीच सुचविला. आता प्रत्येकीच्या हातात फोन आहे आणि प्रत्येक फोनात कॅमेरा आहे. असे असता निराळा कॅमेरा गळ्यात अडकवून हिंडण्याची हौस अजून लोकांना का असावी, असा त्यांचा प्रश्न. प्रश्न साधा वाटला म्हणून मी होकार दिला. पण उत्तर शोधता शोधता मला आमच्या घरातील एका पत्र्याच्या ट्रंकेपाशी जावे लागले, आणि तेथून शे-दीडशे वर्षे मागे जाणे ओघानेच आले. त्यामुळे हा लेख थोडा इतिहासाचा आणि थोडा घरचा असा झाला आहे, तो भगिनींनी गोड मानून घ्यावा.

आमचे घर सांगलीला नदीच्या बाजूस. २००५ च्या महापुराची खूण आमच्या भिंतीवर होती. त्या खुणेहून हातभर उंच एक फळी ठोकून आम्ही तिच्यावर फोटोंची ट्रंक ठेवली होती आणि आता भीती नाही असे मानून स्वस्थ होतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. २००५ साली ते ५४ फुटांच्या आत राहिले होते. फळी अर्थातच बुडाली.

पाणी ओसरल्यावर चिखलातून ट्रंक काढली आणि जे वाचले ते चादरीवर वाळत घातले. त्यात एक लहानसा चौकोनी फोटो होता. अंगणात सतरंजीवर नऊजणी बसलेल्या, नऊवारी आणि पाचवारी दोन्ही, मधे हळदीकुंकवाचे तबक. पाठीमागे मामंजींच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलेले होते : ‘संक्रांत १९७२. ऊन. १० फूट.’ मामंजींना कॅमेऱ्याची हौस होती आणि ते प्रत्येक फोटोची अशी टाचणी ठेवीत. उजेड कसा होता आणि माणसे किती अंतरावर होती हे लिहून ठेवले म्हणजे पुढच्या वेळी चूक होत नाही, असे ते म्हणत. सासूबाई पुराच्या आधीच गेल्या होत्या. त्यांना मी ओळखले, एका चुलतसासूबाईंना ओळखले, आणि शेजारच्या ऐंशी ओलांडलेल्या काकूंनी तिसरीला तिच्या नथीवरून ओळखले. उरलेल्या सहाजणी कोण, हे आजतागायत कळलेले नाही. त्या दिवशीचे ऊन लिहिलेले आहे, बायकांची नावे लिहिलेली नाहीत. हा फोटो हातात घेतला की मला वाटते, कॅमेऱ्याचा इतिहास आपण बायकांनी एकदा आपल्या बाजूने वाचून पाहावा.

फोटो काढण्याची विद्या १८३९ साली पॅरिसमध्ये दागेर याच्या नावाने जाहीर झाली. ती मुंबईस यायला फार वर्षे लागली नाहीत. १८५४ साली मुंबईत छायाचित्रणाची संस्था स्थापन झाली, आणि तिच्यात साहेबांबरोबर आपली माणसेही होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्यांतले नामवंत छायाचित्रकार. १८५५ साली एल्फिन्स्टन संस्थेत या विषयाचा वर्गही निघाला. म्हणजे फोटोग्राफी आपल्याकडे प्रथम आली ती धंदा म्हणून नव्हे, तर डॉक्टर, लष्करी अधिकारी आणि व्यापारी यांची हौस म्हणून. हौस खर्चाची होती आणि कष्टाचीही. काचेवर औषध लावायचे, ती काच ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि वाळण्याच्या आत अंधारात धुऊन काढायची. त्यासाठी काळा तंबू, बाटल्या, पाणी आणि ओझे उचलायला गडी, असा सारा लवाजमा बरोबर लागे. अशा हौसेत बायकांना जागा नव्हती, हे निराळे सांगायला नको.

बायका आल्या त्या कॅमेऱ्यासमोर, आणि त्याही बिचकत. फोटो काढला की आयुष्य घटते अशी समजूत घरोघर होती. पडदानशीन घरांतील स्त्रिया तर परक्या पुरुषासमोर बसणार कशा? म्हणून हैदराबादेत लाला दीनदयाळ यांनी १८९२ साली खास स्त्रियांसाठी निराळा स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईच्या देखरेखीखाली दिला. आपल्याकडे पडदा नव्हता, पण संकोच होता. नवऱ्याची खुर्ची, शेजारी उभी असलेली बायको, मागे बागेचे चित्र काढलेला पडदा, आणि ‘हलू नका’ म्हणून दोघांचेही ताठलेले चेहरे, असे फोटो आपल्या पुष्कळ घरांत असतील.

त्या काळातील एका फोटोचा येथे मुद्दाम उल्लेख करते. १० ऑक्टोबर १८८५ रोजी अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात तीन परदेशी विद्यार्थिनींचा फोटो घेतला गेला. एक आपल्या आनंदीबाई जोशी, दुसरी जपानची केई ओकामी आणि तिसरी सीरियाची सबात इस्लामबुली. तिघीही आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत. आनंदीबाई १८८७ साली, विशी पुरती ओलांडली न ओलांडली तोच गेल्या. परंतु हा फोटो आज जगभर ओळखला जातो. त्याचे एक कारण अगदी साधे आहे. फोटोखाली तिघींची नावे आणि गावे लिहिलेली आहेत. ती नसती तर ‘तीन अनोळखी विदेशी स्त्रिया’ एवढीच त्याची किंमत राहिली असती.

आपल्याच भागाकडे पाहू. सातारा आणि सांगली हे मुळात एकच घर. १९४९ साली त्याची वाटणी होऊन दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. या एका घरातील दोन लेकी साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत. सावित्रीबाई फुले नायगावच्या, रमाबाई रानडे देवराष्ट्रे येथील कुर्लेकरांच्या. रमाबाईंचा चेहरा १९६२ साली त्यांच्या जन्मशताब्दीच्या टपाल-तिकिटावरून घरोघर गेला. सावित्रीबाईंची जी चित्रे आज शाळाशाळांतून लावलेली दिसतात ती मात्र बहुतेक चित्रकारांच्या हातची आहेत. ज्या बाईने मुलींना अक्षर दिले, तिला आपण पाहतो ते दुसऱ्याच्या कल्पनेतून. कोणाचा चेहरा राहावा आणि कोणाचा राहू नये, हे त्या काळी पैसा, शहर आणि घराणे यांवर ठरत असे.

पुढे कॅमेरा सोपा झाला. १८८८ साली अमेरिकेत ईस्टमनने कोडॅक काढला. त्यात शंभर फोटोंचे भेंडोळे असे, आणि ते संपले की अख्खा कॅमेराच कारखान्याकडे पाठवायचा. १९०० साली त्याच कंपनीचा ब्राउनी हा डबीसारखा कॅमेरा एका डॉलरला मिळू लागला. तेव्हापासून हौस ही श्रीमंतांपुरती राहिली नाही. आपल्याकडे मात्र ती यायला अजून अवकाश होता.

याच सुमारास कॅमेऱ्याच्या मागे उभी राहिलेली एक मराठी बाई आपल्याला भेटते. दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात शिकले आणि काही काळ फोटोग्राफीवर त्यांनी पोट भरले. १९१२ साली विलायतेहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी कुंडीतील रोपाची वाढ थोड्या थोड्या वेळाने टिपून एक छोटा चित्रपट केला. हे सर्वांना माहीत आहे. पण फिल्म कोरी येई तिच्या कडांना छिद्रे पाडणे, औषधे कालविणे, ती धुणे, ही अंधाऱ्या खोलीतील कामे त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी केली, आणि वर साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही केला. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. सरस्वतीबाईंच्या वाट्याला इतिहासात चार ओळी आल्या.

चित्राची आवड आपल्या भागात रुजविण्याचे काम औंध आणि किर्लोस्करवाडी यांनी केले, हेही नमूद केले पाहिजे. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांचे संग्रहालय आजही औंधच्या डोंगरावर आहे. पंडित सातवळेकर हे औंधास येण्यापूर्वी लाहोरास चित्रे आणि फोटो यांचा स्टुडिओ चालवीत. त्यांच्या हाताखाली शिकलेले शंकरराव किर्लोस्कर यांनी किर्लोस्करवाडीहून १९३० साली ‘स्त्री’ मासिक सुरू केले. खेड्यापाड्यांतील मराठी बाईला आपल्यासारख्याच दुसऱ्या बायकांविषयी वाचायला मिळाले ते अशा मासिकांतून.

भारतातील पहिली स्त्री-वृत्तछायाचित्रकार म्हणून होमाई व्यारावाला यांचे नाव घेतात. त्या १९१३ साली नवसारीत जन्मल्या, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकल्या. त्यांचे अगदी आरंभीचे छापून आलेले फोटो कसले होते, तर मुंबईतील एका महिला क्लबच्या सहलीचे! आपल्या मंडळाने हे अभिमानाने लक्षात ठेवावे. पुढे त्यांनी दिल्लीत साडी नेसून, जड कॅमेरा खांद्यावर घेऊन, स्वातंत्र्याचा सारा सोहळा टिपला. तरी त्यांचे सुरुवातीचे पुष्कळ फोटो पतीच्या नावावर छापले गेले. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि दुसऱ्याच वर्षी त्या गेल्या.

आता पुन्हा आमच्या ट्रंकेकडे येते. स्वातंत्र्यानंतर परदेशी कॅमेरा आणणे हे परवान्याचे आणि पैशाचे काम होते. मध्यम घरांत कॅमेरा आला तो बडोद्यास तयार होणारा ‘आग्फा क्लिक ३’. काळी डबी, वर खटका. ऊन की ढग, एवढीच निवड. एका रोलवर बारा फोटो. फिल्मच्या बाबतीत देश स्वावलंबी व्हावा म्हणून उटकमंडला १९६० साली सरकारी कारखाना निघाला आणि ‘इंदू’ नावाची फिल्म मिळू लागली. तो कारखाना आता बंद आहे.

बारा फोटो म्हणजे काय, हे आजच्या मुलींना सांगून पटत नाही. आमच्याकडे एक रोल वर्षभर पुरवायचा असे. संक्रांतीचा एक, पाडव्याचा एक, मुलांच्या वाढदिवसाचे दोन, गणपतीचे दोन, मंगळागौरीचा एक, आणि उरलेले पाहुण्यांसाठी राखून ठेवायचे. खटका दाबण्यापूर्वी मामंजी अंगणात पावले मोजीत, सूर्य पाठीशी घेत, ‘पदर सारखा करा’ म्हणून सांगत. फोटो धुऊन आला की सगळे घर एका फोटोभोवती जमे. त्यात डोळे मिटलेले निघाले तर वर्षभर त्याची चर्चा होई. मामंजींचे एक स्नेही तर मोरीत लाल दिवा लावून कागदावर फोटो उठवीत. ट्रेमधल्या पाण्यात पांढऱ्या कागदावर हळूहळू चेहरा उमटताना सासूबाईंनी एकदा पाहिला होता, आणि त्याची गोष्ट त्या पुनःपुन्हा सांगत. त्यांनी स्वतः खटका मात्र कधी दाबला नाही. ‘रोल वाया जाईल’ ही भीती. घरात कॅमेरा असूनही तो बायकांच्या हातात आला नाही, याला दुष्टपणा कारण नव्हता; काटकसर कारण होती. परिणाम मात्र एकच झाला.

त्यानंतर रंगीत फिल्म आली, छत्तीस फोटोंचे रोल आले, ऐंशीच्या दशकात ‘हॉट शॉट’सारखे हलके कॅमेरे आले. कोडॅकच्याच एका अभियंत्याने १९७५ साली फिल्मवाचून चालणारा कॅमेरा करून दाखविला होता. त्याच शोधाने पुढे फिल्मचा धंदा बसविला आणि २०१२ च्या जानेवारीत खुद्द कोडॅक कंपनीला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. २००० साली जपानात कॅमेऱ्याचा फोन निघाला, २००७ नंतर तो जगभर पसरला. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघाचे आकडे बोलके आहेत. २०१० साली १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२३ साली ही संख्या ८० लाखांच्याही आत आली.

मग हौस संपली का? तसे दिसत नाही. पाऊस ओसरला की साताऱ्याहून सुमारे २५ किलोमीटरवरच्या कासच्या पठारावर जाऊन पाहावे. २०१२ साली जागतिक वारशात गेलेल्या या पठारावर साडेआठशेंच्या आसपास जातींच्या फुलझाडांची नोंद आहे. तेथे फोनवाल्यांच्या गर्दीत दोनचार माणसे अशी दिसतात की जी एका फुलापाशी अर्धा तास बसून असतात. वारा थांबण्याची वाट पाहतात. सीतेची आसवे हे नखाएवढे निळे फूल, किडे धरणारी दवबिंदू वनस्पती, किंवा ज्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे असा बेचक्यासारखा वायतुरा, यांचे बारकावे जवळून टिपायला खास भिंग लागते. मायणीच्या तळ्यावरचा दूरचा पक्षी जवळ आणायलाही लांब भिंगच हवे. फोनचे भिंग आणि त्यामागचा प्रकाश टिपणारा तुकडा, दोन्ही अगदी लहान. उरलेली कसर तो आतल्या गणिताने भरून काढतो. ते गणित हुशार आहे आणि घरगुती फोटोला पुरेसेही आहे. पण कॅमेऱ्यात आपण किती उजेड घ्यायचा, कशावर नजर ठेवायची आणि केव्हा थांबायचे, हे ज्याचे त्याला ठरवावे लागते. हौशी माणसाला गोडी आहे ती या ठरविण्याची. तरुण मुले पुन्हा फिल्मकडे वळत आहेत आणि २०२४ साली पेंटॅक्स या जपानी कंपनीने फिल्मचा नवा कॅमेराही काढला, त्याचे मर्म मला यातच वाटते. या हौसेलाही शिस्त हवी, हे सांगितले पाहिजे. फोटोसाठी फुलांत लोळणारी माणसे कासला पाहिली की मान खाली घालावीशी वाटते.

तरी मी फोनला नावे ठेवणार नाही. छायाचित्रणाच्या सुमारे १८५ वर्षांत, कोणाला न विचारता आणि रोल वाया जाण्याची भीती न बाळगता, सामान्य घरातील बाईने खटका दाबला तो या फोनमुळे. ही लहान गोष्ट नव्हे. पण दुसरी बाजूही आहे. माझ्या सुनेच्या फोनात हजारो फोटो आहेत, आणि मागच्या वर्षी फोन बिघडला तेव्हा त्यातले पुष्कळसे गेले. तेव्हा तिच्या डोळ्यांत जे पाणी आले ते मी ओळखले. २०१९ साली चिखलात बसून मलाही तसेच आले होते. पुराने आमचे घेतले, तिचे कशाने घेतले हेही कळले नाही. बारा फोटो काढणाऱ्यांनी ते जिवापाड जपले, पण नावे लिहिली नाहीत. हजारो काढणाऱ्या आपण नावेही लिहीत नाही आणि जपतही नाही. काढणारी बाई झाली, पण फोटोतली बाई पन्नास वर्षांनी पुन्हा अनोळखीच राहणार असेल तर आपण काय मिळविले?

म्हणून माझे भगिनींस चार सांगणे आहे. जुने फोटो काढून त्यांच्या पाठीमागे कडेला मऊ पेन्सिलीने नावे लिहा. रंगीत फोटोच्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उमटत नाही, तेथे नावे पाकिटावर लिहा. बाईचे नाव लिहिताना माहेरचे नावही लिहा, कारण लग्नात नाव बदलले की माग तुटतो. फोनातले वर्षाचे बारा फोटो निवडून कागदावर छापून घ्या आणि बाकीच्यांची प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवा. आणि घरात सगळ्यांचे फोटो आपणच काढीत असू, तर अधूनमधून फोन दुसऱ्याच्या हाती देऊन आपणही त्यात बसा.

नदीकाठच्या भगिनींसाठी आणखी एक. फोटो भिजून एकमेकांस चिकटले तर ओढू नयेत. स्वच्छ गार पाण्याच्या परातीत ठेवावेत, म्हणजे ते सुटण्याचा संभव असतो. चित्राची बाजू पुसू नये. ओलेपणी तिचा थर सायीसारखा मऊ होतो. सावलीत, चित्र वर करून, स्वच्छ कापडावर वाळवावेत. तसबिरीच्या काचेला चिकटून वाळलेला फोटो तसाच राहू द्यावा आणि काचेवरूनच त्याचा नवा फोटो घ्यावा. तेथे फोन उत्तम कामी येतो.

त्या संक्रांतीच्या फोटोची मोठी प्रत मी करून घेतली आहे आणि वर्धापनदिनाच्या दिवशी ती मंडळात आणून ठेवणार आहे. सहाजणींची जागा कोरी ठेवली आहे. तुमच्यापैकी कोणाची त्यात आजी असेल, आत्या असेल, मावशी असेल. ओळख पटली तर तेथे पेन्सिल बांधून ठेवलेली असेल. नाव लिहून जा.